युरिया जातो कुठे?

सकाळी गोठ्यात पाऊल टाकताच नाकाडोळ्यांना झोंबतो तो वायू म्हणजे अमोनिया. जनावराच्या मूत्रातला युरिया आणि गोणीतला युरिया, पदार्थ एकच. म्हणून गोठ्यात जे घडते तेच शेतातही घडते. तिथे वारा मोकळा, त्यामुळे वास कळत नाही इतकेच.

युरिया ओल्या जमिनीवर पडला की मातीतील जिवाणूंच्या क्रियेने त्याचा अमोनिया होतो. दाणा मातीआड असेल तर माती तो धरून ठेवते. उघडा राहिला तर तो उडून जातो. ऊन, वारा आणि चुनखडीची जमीन असली की अधिकच. पावसाची नुसती भुरभुर तर फार वाईट. दाणा विरघळतो, पण खाली उतरत नाही. ४५ किलोच्या गोणीत नत्र जेमतेम पावणेएकवीस किलो. चौथा हिस्सा उडाला, आणि उघड्यावर तेवढा सहज उडतो, तर पाच किलो नत्र गेले. मग पीक पिवळे दिसते आणि आपण आणखी एक गोणी आणतो!

हवेत गेलेला अमोनिया गाड्यांच्या व कारखान्यांच्या धुरातील आम्लांशी मिळतो आणि त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात. ते श्वासावाटे छातीत खोलवर जातात. उपग्रहाने घेतलेल्या नकाशांत गंगेचे मैदान अमोनियाच्या बाबतीत जगातील सर्वांत गडद पट्ट्यांपैकी एक दिसते.

२०१५ पासून आपल्याकडे निंबोळी तेलाचा लेप दिलेला युरिया सक्तीचा झाला, म्हणून काहीजण निर्धास्त असतात. पण लेपामुळे नत्राचे नायट्रेट होणे लांबते. वर पडलेल्या दाण्याचे उडणे थांबत नाही.

तेव्हा वरखत फोकून देऊ नका. ओळीच्या कडेने द्या आणि लगेच कोळपे फिरवा, नाहीतर पाठोपाठ पाणी द्या. कोकणात चारसूत्री भातलागवडीत युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. मजुरी लागते खरी, पण खत मुळाशी राहते.

उकिरड्याचेही तसेच. गोठ्याचे काम बहुधा घरच्या बायकांकडे असते, म्हणून हे त्यांच्यासाठी: मूत्र मुरेल अशा जागी कोरडी माती किंवा पाचट पसरा, भिजले की रोजच्या रोज खड्ड्यात टाका, वर मातीचा थर द्या. खड्डा भरला की शेणमातीने लिंपून घ्या.