विचारणे हेही विद्यार्थ्याचे काम

आमच्या वस्तीतील एका मुलाची आई दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. "सर, हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कॉम्प्युटरपुढे बसतो. म्हणतो, गुगलचं काम मिळालंय. नोकरी म्हणावी तर ऑफिस नाही, शिक्षण म्हणावं तर फी नाही. फसवणूक तर नाही ना?"

फसवणूक नव्हती. मुलाची 'गुगल समर ऑफ कोड' या उपक्रमात निवड झाली होती. २००५ साली सुरू झालेल्या या उपक्रमात नवशिक्यांना ओपन सोर्स कामाशी जोडून देतात. ओपन सोर्स म्हणजे ज्या प्रोग्रामची मूळ लिखावट सर्वांसाठी खुली असते आणि जो कोणीही वाचू, वापरू, सुधारू शकतो. लिनक्स, फायरफॉक्स ही त्याची उदाहरणे. पूर्वी तेथे फक्त कॉलेजचे विद्यार्थी घेत. २०२२ पासून अठरा वर्षांवरील इतर नवशिक्यांनाही दार उघडले. ही नोकरी नव्हे. ठरलेले काम पुरे केल्यावर विद्यावेतन मिळते, आणि ते त्या-त्या देशातील महागाईप्रमाणे कमी-जास्त असते. अर्जाला फी नसते. तेव्हा "निवड करून देतो, पैसे भरा" असे कोणी म्हणाले तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

पण त्या आईची काळजी अगदीच खोटी नव्हती. मुलगा खरोखरच अडकला होता. प्रोग्राम त्याच्या जुन्या लॅपटॉपवर चालूच होत नव्हता. त्याला शिकवणारा मेंटर जर्मनीतला. त्याने दोनदा चौकशी केली, दोन्ही वेळा मुलाने "चालू आहे" एवढेच कळवले. तीन आठवडे असेच गेले. मी कारण विचारले तर मान खाली घालून म्हणाला, "इंग्रजी मोडकं आहे, सर. एवढंही येत नाही म्हणून काढून टाकतील."

ही भीती आपल्या घरांत कुठून आली हे मी वेगळे सांगायला नको. वर्गात मागे बसवलेल्यांची आपण नातवंडे-पतवंडे. चूक झाली तर "ह्यांना कुठे जमणार" हे ऐकावे लागेल, त्यापेक्षा गप्प बसावे, ही सवय अंगात मुरली आहे. नेमकी हीच सवय तेथे घात करते. शिकणाऱ्याने वेळेवर काम करावे हे खरेच, पण काय झाले, काय अडले, हे न विचारता कळवत राहणे ही त्याची पहिली जबाबदारी असते. समोरचा माणूस हजारो मैलांवर. त्याला मुलाचा चेहरा दिसत नाही, फक्त लिहिलेले दिसते. मध्यावर आणि शेवटी मूल्यमापन होते आणि ते मेंटर करतो. मध्यावर नापास झाला की काम तेथेच थांबते.

आणि मेंटरचे काय? त्याला गुगल पगार देत नाही. पण एकदा विद्यार्थी स्वीकारला की उत्तर द्यायला उशीर लावणे, किंवा "हे तर सोपे आहे" म्हणून हिणवणे त्याला शोभत नाही. मुलाने लिहिलेले तपासायचे, चूक कुठे आहे ते दाखवायचे, आणि त्याला त्या संस्थेतील इतर लोकांशी जोडून द्यायचे.

आपल्याला हे नवे नाही. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी गुरू आणि शिष्य या दोघांचीही कर्तव्ये सांगितली आहेत. शिष्याने मन लावून शिकावे एवढ्यावर ते थांबत नाहीत. गुरूने त्याला नीट शिकवावे आणि मित्रमंडळींत त्याची ओळख करून द्यावी, असेही त्यात आहे. आणि गुरूशी मतभेद? १९२३ साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनला निघाला, त्याला प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची आहे. त्या प्रस्तावनेतच कॅनननी आपल्याला न पटणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत. तरीही प्रस्तावना लिहिली आणि बाबासाहेबांनी ती छापली. दोघांचाही मोठेपणा मला त्यात दिसतो.

आमच्या मुलाने त्या रात्री मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळे लिहून टाकले. कुठली आज्ञा दिली, पडद्यावर काय उमटले, आपण काय काय करून पाहिले. सकाळी उत्तर आले: चूक तुझी नाही, आमचे सूचनांचे पानच जुने झाले आहे, तूच ते दुरुस्त करशील का? त्याने केलेली पहिली दुरुस्ती ती. पुढे मुदतही थोडी वाढवून मिळाली, आणि तो पास झाला.

घरच्यांनीही एक लक्षात घ्यावे. कामाचे आकार साधारण ९०, १७५ आणि ३५० तासांचे असतात. एका खोलीच्या घरात एवढे तास शांतता मिळणे कठीण. त्या आईने संध्याकाळी टीव्ही दोन तास बंद ठेवला, धाकट्यांना विहारातल्या अभ्यासिकेत पाठवले. वीजबिलावरून नवऱ्याशी भांडण झाले, तेही तिने हसत सांगितले.

सध्या तो मुलगा रविवारी त्याच अभ्यासिकेत बसतो. शेजारच्या गल्लीतील एका मुलीचा प्रस्ताव वाचतो आहे. भाग घेणाऱ्या संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीत निघते, अर्ज मार्च-एप्रिलमध्ये घेतात. ती डिसेंबरपासूनच एका संस्थेच्या लोकांना प्रश्न विचारू लागली आहे. पहिला प्रश्न लिहायला तिला चार दिवस लागले.