प्रवासभत्ता : हक्क आणि मुदत

शासकीय कामासाठी मुख्यालय सोडणारा कर्मचारी पुष्कळदा प्रथम पदरचा खर्च करतो. अल्पवेतनी कर्मचाऱ्याच्या बाबतीत ही रक्कम घरखर्चातूनच काढलेली असते. तिची भरपाई हाच प्रवासभत्त्याचा हेतू होय. १९२२ पासून लागू असलेल्या मूलभूत नियमांतील ४४ व्या नियमानुसार असा भत्ता एकंदरीत लाभाचे साधन ठरता कामा नये. तद्वतच तो न मिळाल्याने कर्मचाऱ्यास झळ पोचणेही उचित नाही.

केंद्र शासनाच्या सेवेत दौऱ्यातील भोजनाचा दैनिक भत्ता १ जुलै २०१७ पासून मुख्यालयाबाहेरील तासांनुसार देय आहे : सहा तासांपर्यंत ३० टक्के, सहा ते बारा तासांस ७० टक्के, त्याहून अधिक काळास पूर्ण. गणना मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत होते. नागपूरहून रात्री ८ वाजता निघून तिसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता परतणाऱ्यास अनुक्रमे ३०, १०० व ७० टक्के भत्ता मिळतो.

मागणीसाठी पूर्वी एक वर्षाची मुदत होती. १३ मार्च २०१८ च्या आदेशाने दौऱ्याच्या देयकासाठी ती प्रवास पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांवर आली. अग्रीम घेतला असल्यास १५ दिवसांतच देयक सादर करावे लागते.

मुदत टळल्यास हक्क गमावण्याची वेळ येते. म्हणून तिकिटे व पावत्या जपून ठेवून परतताच देयक सादर करणे श्रेयस्कर. नियंत्रक अधिकाऱ्यानेही सर्व त्रुटी एकाच वेळी कळविल्यास देयक टेबलाटेबलावर फिरत राहत नाही. काटेकोर तपासणीइतकीच तत्परताही आवश्यक आहे. शासनाचा पैसा जपणे म्हणजे कर्मचाऱ्याचा पैसा अडकवून ठेवणे नव्हे.