हात गार, नर्व्ह हळू: एनसीव्हीचं रीडिंग घेण्याआधी

पीएचडीच्या पहिल्या हिवाळ्यात मी एका धडधाकट मुलाला जवळजवळ न्यूरोपथी बहाल केली होती. चूक माझीच होती. तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी एनसीव्ही म्हणजे काय ते पाहू. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावायचा. मीडियन नर्व्हला आधी मनगटाशी आणि मग कोपराशी हलका शॉक द्यायचा. दोन्ही वेळा स्नायूचा प्रतिसाद किती मिलिसेकंदांनी आला, ते बघायचं. त्या मुलाच्या मनगटाशी ४.२ आणि कोपराशी ९.२ मिलिसेकंद आले. दोन बिंदूंमधलं अंतर २२५ मिलिमीटर. म्हणून वेग = २२५ ÷ ५ = ४५ मीटर प्रति सेकंद.

वजाबाकी कशासाठी? नर्व्हकडून स्नायूकडे संदेश जाताना सांध्यावर थोडा वेळ खर्च होतो. तो दोन्ही रीडिंगमध्ये सारखाच असतो, त्यामुळे वजाबाकीत उडून जातो. उरतो तो निव्वळ नर्व्हचा वेळ.

निरोगी प्रौढात हा वेग साधारण ५० च्या वर असतो. मी वहीत 'अॅबनॉर्मल' लिहून मोकळा झालो. सीनियरने एकच प्रश्न विचारला, "हात किती गार होता?" मी मोजलंच नव्हतं! त्वचेचं तापमान निघालं २८ अंश. हात शेकून ३२.५ वर आणला. आता ३.३ आणि ७.६ मिलिसेकंद, म्हणजे वेग ५२. आजार गायब!

असं का होतं? थंडीत नर्व्हमधले सोडियम चॅनल सावकाश उघडतात, आणि बंद व्हायला तर त्याहून उशीर लावतात. म्हणून दर अंशामागे वेग साधारण दीड ते अडीच मीटरने घटतो, पण प्रतिसादाची उंची उलट वाढते. ही खूण लक्षात ठेवा: वेग कमी पण लहर उंच आणि रुंद, तर निदानाआधी हातावर संशय घ्या.

आता विचार करा, तुमचे पेशंट गरम वॉर्डातून आले आणि कंट्रोल एसीत बसून राहिले, तर दोन गटांतला फरक आजाराचा की खोलीचा? नंतर कुठलंही स्टॅटिस्टिक्स हे सोडवू शकत नाही.

म्हणून हाताचं तापमान ३२ अंशांच्या वर ठेवा, आणि प्रत्येक रीडिंगशेजारी ते लिहा. तुमच्या डेटाशीटमध्ये तो रकाना आहे ना? नसेल तर आजच घाला.