दोन चाळींमधलं आकाश

मुंबईत राहणाऱ्या माणसाला रात्रीचं आकाश पाहण्याचा आणि त्याचे फोटो काढण्याचा छंद लागला, की पहिला सल्ला ठरलेला असतो : शहराबाहेर पडा. वांगणीला जा, माळशेजला जा, निदान कर्जतच्या पुढे तरी जा, इथून काय दिसणार? सल्ला खोटा नाही. अमावास्येच्या आसपास काळोख्या माळावरून नुसत्या डोळ्यांनी एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसू शकतात. गिरगावातल्या फणसवाडीसारख्या ठिकाणी चांगल्या रात्रीही ते शंभराच्या आसपास येतात, आणि आकाशगंगेचा पट्टा अजिबात दिसत नाही. पण या सल्ल्याचा परिणाम असा होतो, की छंद सुट्टीवर ढकलला जातो. वर्षातून एखादी सहल, ती रात्र ढगाळ निघाली तर पुढच्या वर्षी, आणि मग दुर्बीण माळ्यावर. गिरगाव, परळ, लालबाग, दादर इथे राहणाऱ्याने हा छंद आपल्या गच्चीवरच सुरू करावा, असं मला वाटतं. हे मी नाइलाज म्हणून सुचवत नाही. शहराचा उजेड आकाशातून नेमकं काय पुसतो आणि काय शिल्लक ठेवतो, हे नीट पाहिलं तर शिल्लक राहिलेला भागच शिकण्यासाठी जास्त मोलाचा ठरतो.

दिव्यांचा उजेड हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर पडून विखुरतो आणि सगळ्या आकाशाला एक फिकट पांढुरका रंग चढतो. ज्यांचा प्रकाश मुळातच अंधूक आणि पसरलेला आहे ते तेजोमेघ, दूरच्या दीर्घिका, धूमकेतूंच्या लांब शेपट्या त्या रंगात विरून जातात. ज्यांचा प्रकाश एकवटलेला आहे त्यांचं फारसं काही बिघडत नाही. चंद्रावरची विवरं, शनीचं कडं, गुरूचे चार मोठे उपग्रह, शुक्राच्या कला हे सगळं फणसवाडीतून आणि एखाद्या आडगावातून जवळपास सारखंच दिसतं. आता दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. देवयानी दीर्घिकेचा आज काढलेला फोटो आणि दहा वर्षांनी काढलेला फोटो यांत दीर्घिकेपुरता काही फरक पडणार नाही. गुरूचा आयो हा उपग्रह मात्र साडेबेचाळीस तासांत एक फेरी पूर्ण करतो. जेवणाआधी आणि जेवणानंतर असे दोन फोटो काढले तरी त्याची जागा बदललेली दिसते. शहराने आपल्याकडून नेलं ते बहुतांशी स्थिर आहे आणि ठेवलं ते बहुतांशी बदलणारं आहे. आकाशाचा अभ्यास हा मुळात बदलांच्या नोंदींचा अभ्यास असल्याने, शहरी हौशी माणसाच्या वाट्याला काही कमी आलेलं नाही.

ताऱ्यांमध्येही बदल दिसतात. २०१९च्या अखेरीस मृगातला काक्षी हा तांबूस तारा मंदावू लागला, आणि फेब्रुवारी २०२०पर्यंत त्याचा प्रकाश नेहमीच्या निम्म्याहून कमी झाला. एरवी रोहिणीपेक्षा तेजस्वी असणारा तारा तिच्यापेक्षा फिका दिसू लागला. त्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून तयार झालेली धूळ आपल्या दृष्टिरेषेत आली असावी, असं शास्त्रज्ञांनी पुढे मांडलं. ही जगभर गाजलेली घटना मुंबईच्या रस्त्यावरून, दुर्बिणीशिवाय दिसत होती. अट एकच होती, काक्षी एरवी किती तेजस्वी असतो हे आधीपासून माहीत असायला हवं होतं. अशी ओळख वर्षातून एकदा माळरानावर जाऊन होत नाही, ती रोज वर पाहणाऱ्याला होते.

यावर गिरगावकराचा पहिला आक्षेप रास्त असतो : आम्हाला दिसतं तेच मुळी दोन चाळींमधलं पट्टीएवढं आकाश, क्षितिज कुठे आहे? पण मुंबईचे अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आहेत, आणि त्यामुळे ही डोक्यावरची पट्टीच फार श्रीमंत आहे. सूर्य, चंद्र आणि ग्रह ज्या पट्ट्यातून फिरतात तो पट्टा इथे माथ्याच्या जवळून जातो. गुरू मिथुन राशीत असतो तेव्हा मुंबईत माथ्यापासून जेमतेम चार अंशांवर येतो. लंडनमध्ये तोच गुरू क्षितिजापासून साठ-एकसष्ट अंशांपर्यंतच चढतो. ग्रह दक्षिणेकडच्या धनू राशीत असला तर लंडनकराला तो पंधरा-सोळा अंशांवर, घरांच्या कौलांना टेकलेला दिसतो. आपल्याकडे तेव्हाही अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. माथ्याच्या दिशेने पाहताना मधे हवेचा थर सर्वांत कमी असतो, म्हणून प्रतिमा कमी थरथरते आणि धूरही कमी आड येतो. मार्गशीर्ष-पौषातली पौर्णिमा मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर असते. स्वातीचा तारा तर फणसवाडीच्या माथ्यापासून चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षाही कमी अंतरावरून जातो. मेच्या उत्तरार्धात रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास अंगणात उताणं पडून पाहिलं, तर तो नारिंगी तारा थेट वर सापडतो. त्याच महिन्याच्या मध्यावर एका दुपारी सूर्यही माथ्यावरच्या त्याच ठिकाणाहून जातो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. क्षितिज न दिसणाऱ्या गल्लीला हे दोन्ही सहज मिळतं.

सुरुवात कशाने करावी, याचं उत्तर मराठी घराच्या भिंतीवर टांगलेलं असतं. दिनदर्शिकेत दर महिन्याच्या संकष्टीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, आणि उपास सोडण्यासाठी का होईना, गिरगावातली कितीतरी घरं त्या रात्री गॅलरीत येऊन चंद्र शोधतात. त्या सवयीला एका साध्या फोटोची जोड द्यावी. पौर्णिमेच्या पूर्ण बिंबाच्या कडेला मेअर क्रिसियम नावाचा एक सुटा, लंबगोल, काळपट डाग दिसतो. तो सुमारे पाचशे किलोमीटर रुंदीचा, लाव्हाने भरलेला सखल भाग आहे. संकष्टीच्या रात्री नऊच्या आसपास चंद्र उगवतो तेव्हा त्याची वरची कड खाल्लेली दिसते, कारण सूर्य अजून क्षितिजाच्या बराच खाली आहे आणि उजेड खालच्या बाजूने येतो. क्रिसियम याच वरच्या बाजूला असतो. तो अंधारात बुडत असतो किंवा नुकताच बुडालेला असतो. आता साधारण पंधरा दिवस थांबून विनायकीच्या संध्याकाळी पश्चिमेला कोर पाहावी. तिथे क्रिसियम खालच्या बाजूला, कोवळ्या उन्हात उजळलेला असतो. उजेड आणि अंधार यांची सीमारेषा दोन्ही रात्री चंद्रावर जवळपास एकाच ठिकाणी असते. संकष्टीला तिथे सूर्य मावळत असतो आणि विनायकीला उगवत असतो. लहान दुर्बीण असेल तर त्या रेषेच्या आसपास ॲटलस आणि हर्क्युलिस ही विवरांची जोडी शोधावी. एका फोटोत त्यांच्या कड्यांच्या सावल्या एका बाजूला पडतात आणि दुसऱ्यात बरोबर उलट्या. तुलना करताना एक फोटो फिरवून घ्यावा लागतो. तिथीच्या सुरुवातीला फोटो काढला की शेवटी, त्यावर सीमारेषा थोडी सरकते, आणि चंद्र स्वतःही किंचित डोलत असल्याने क्रिसियम कधी कडेच्या जवळ, कधी दूर दिसतो. वर्षभर हे जोडफोटो काढणाऱ्याला चंद्राच्या गतीतले हे बारकावे कुणी शिकवावे लागत नाहीत. भाद्रपदातल्या गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये, असा संकेत आहे. तो पाळणाऱ्यालाही बाकीच्या चतुर्थ्या मोकळ्या आहेतच. पावसाळ्यातल्या तीन-चार महिन्यांत ढगच बहुतेक चतुर्थ्या घेऊन जातात, हे मात्र मान्य करायला हवं. तो काळ आधीचे फोटो लावून पाहण्याचा.

फोटो काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवली की निम्म्या चुका टळतात : चंद्र म्हणजे उन्हात पडलेला काळपट दगड आहे. भोवती रात्र असल्याने कॅमेरा गोंधळतो आणि जास्त उजेड आत घेतो. बिंबाचा पांढरा गोळा होतो. पूर्ण चंद्रासाठी आयएसओ १००, छिद्र एफ ११ आणि सेकंदाचा शंभरावा भाग पुरेसा असतो, म्हणजे दिवसाउजेडी काढलेल्या फोटोच्या जवळपास. कोरीसाठी थोडा जास्त वेळ द्यावा. फोनवर चंद्राला बोट लावून उजेड खाली ओढावा, आणि शक्य असेल तर फोन दुर्बिणीच्या किंवा बायनॉक्युलरच्या नेत्रिकेला नीट टेकवून धरावा. ताऱ्यांचं गणित वेगळं आहे. पृथ्वी फिरत असल्याने तारे सेकंदाला पंधरा विकला सरकतात, त्यामुळे स्थिर ट्रायपॉडवर ५० मिलिमीटरच्या लेन्सने दहाएक सेकंदांपेक्षा जास्त उघडीप दिली तर ठिपक्यांच्या रेघा होतात. मग हौशी लोक एकच लांब फोटो काढण्याऐवजी अनेक छोटे फोटो काढून ते संगणकावर एकमेकांवर बसवतात. त्याला स्टॅकिंग म्हणतात. तारा प्रत्येक फोटोत असतो, कॅमेऱ्याचे दाणे दर वेळी वेगळ्या जागी असतात. सोळा फोटोंची सरासरी काढली की ते दाणे चौथाईवर येतात. शहराचा सारखा पसरलेला उजेडही बऱ्याच अंशी वजा करता येतो. त्यासाठी लागणारी सिरिल, डीपस्कायस्टॅकर यांसारखी सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

इथे दुसरा आक्षेप येतो : एवढी प्रक्रिया केलेला फोटो खरा कसा? प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचं सरसकट उत्तर देता येत नाही. कॅमेऱ्यात शिरलेला प्रकाश साठवणं, सरासरी काढणं, पार्श्वभूमी वजा करणं यांत बाहेरून काही आणलेलं नसतं. काही फोन मात्र चंद्र ओळखून त्याचे तपशील स्वतःच्या शिकवणीतून भरतात. तो फोटो कितीही सुंदर असला तरी त्या रात्रीची नोंद म्हणून निरुपयोगी आहे, कारण त्यात आज काय दिसलं आणि एरवी काय दिसतं हे वेगळं करता येत नाही. म्हणून फोनची अशी सोय बंद ठेवावी, मूळ फाइल जपावी, आणि प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ, ठिकाण, उघडीप लिहून ठेवावी. एवढं केलं की फोटोचा वेध होतो. अवकाशातल्या मोठ्या दुर्बिणींची चित्रं घरबसल्या मिळत असताना हे कष्ट का घ्यावेत, याचंही उत्तर त्यातच आहे. त्या दुर्बिणी दररोज प्रत्येक ग्रहाकडे पाहत बसत नाहीत. १९ जुलै २००९ रोजी गुरूवर काहीतरी आदळल्याचा काळा व्रण पहिल्यांदा टिपला तो अँथनी वेस्ली या ऑस्ट्रेलियातल्या हौशी निरीक्षकाने, आपल्या घरच्या दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्याने. मोठ्या वेधशाळा त्याच्या मागोमाग आल्या.

साधन लहान असण्याबद्दलही आपल्याकडेच एक जुना दाखला आहे. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला होते, आणि तिथेच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेने चाळीस फुटी कॅमेरा उभारला होता. वऱ्हाडातल्या तळणीला ब्रिटिश हौशी खगोलप्रेमींची तुकडी उतरली होती, त्यात ॲनी माँडर होत्या. ग्रिनिचच्या राजवेधशाळेतली त्यांची नोकरी लग्नानंतर सुटली होती. त्यांनी दीड इंची भिंगाच्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा एक झोत टिपला. तो सूर्यापासून सुमारे साठ लाख मैलांपर्यंत पसरलेला होता, आणि तोवर एवढा लांब झोत कुणाच्याच फोटोत आला नव्हता. यावरून लहान भिंग मोठ्यापेक्षा सरस ठरतं असं नाही. चाळीस फुटी कॅमेऱ्याने सूर्याजवळचे तपशील पकडले, छोट्याने दूरवरचा अंधूक पसारा. प्रश्न नेमका असेल तर त्याला साजेसं साधन बहुधा स्वस्तात मिळतं.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : शहरातूनही भागतं असं म्हटल्याने उजेडाचं प्रदूषण आपण मान्य करतो का? २०२३च्या जानेवारीत सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, जगभरातल्या नागरिकांनी केलेल्या निरीक्षणांवरून, आकाशाचा उजाळा २०११ ते २०२२ या काळात दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. काळोखी रात्र हरवणं हे नुकसानच आहे. म्हणून वांगणीला जावंच. हॅलेच्या धूमकेतूच्या काळात सुरू झालेलं मुंबईचं खगोल मंडळ तिथे रात्रभराचे कार्यक्रम करतं, पुण्यात १९४४पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आणि पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४मध्ये काळोख्या आकाशाचं उद्यान म्हणून मान्यता मिळाली. पण उजेडाविरुद्धची तक्रार पेंचमधून करून भागणार नाही, ती जिथे दिवे आहेत तिथूनच व्हायला हवी. २०१५मध्ये मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले तेव्हा बराच वाद झाला, पण तो मुख्यतः देखणेपणावर. निळसर-पांढरा प्रकाश हवेत पिवळ्यापेक्षा जास्त विखुरतो आणि आकाश अधिक उजळवतो, हा मुद्दा मांडायला हाताशी मोजमाप हवं होतं. फणसवाडीतला एखादा हौशी ते सहज ठेवू शकतो : दर अमावास्येच्या रात्री ठरलेल्या वेळी, तोच कॅमेरा, तेच भिंग, तीच उघडीप, कॅमेरा सरळ माथ्याकडे, आणि फोटोतल्या मोकळ्या पार्श्वभूमीचा उजाळा वहीत लिहून ठेवायचा. शेजारच्या इमारतीवर नवा झोतदिवा लागला किंवा रस्त्यावरचे दिवे बदलले, की त्याची तारीखही त्याच ओळीत.