पद्मा भाटे-देवस्थळी

पद्मा भाटे-देवस्थळी या स्त्रियांवरील हिंसाचार व त्याचे आरोग्यावरील परिणाम यांचा अभ्यास करणाऱ्या भारतीय संशोधक आहेत. मुंबईतील ‘सेहत’ या आरोग्यविषयक संशोधन संस्थेच्या त्या अनेक वर्षे समन्वयक होत्या.

भाजलेल्या किंवा विष घेतलेल्या स्त्रीवर रुग्णालयात उपचार होतात, पण नोंद बहुधा ‘अपघात’ अशीच होते. घरी काय घडले हे तिला क्वचितच विचारले जाते. ही उणीव दूर करण्यासाठी ‘सेहत’ व बृहन्मुंबई महानगरपालिका यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे समुपदेशन केंद्र स्थापन केले. देवस्थळी यांचे बरेचसे लेखन तेथील अनुभवावर आधारलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पीडित स्त्रियांच्या उपचारांविषयी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या गटातही त्या होत्या.