पगार वाढवूनही इंजिनियर का टिकत नाही?

साकीनाक्याहून मरोळकडे जाताना अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गल्ल्यांत औद्योगिक गाळ्यांच्या रांगा लागतात. त्यांतले कितीतरी गाळे पाडून तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी साचे बनवणारे, टर्निंगवाले, पॉलिशवाले अजून तग धरून आहेत. अशाच एका गाळ्यात आमच्या परिचयाचे एक कारखानदार प्लॅस्टिकच्या झाकणांचे साचे बनवतात. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. वडिलांनी एका जुन्या लेथवर धंदा सुरू केला, आज दोन व्हीएमसी मशीन आणि चौदा माणसे आहेत. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "तिसराही चालला. पाच हजार वाढवून देतो म्हटले तरी थांबत नाही. तुम्ही धंद्याच्या पानावर लिहिता ना, मग सांगा, मी कुठे कमी पडलो?"

चार वर्षांत तीन इंजिनियर गेले होते. पहिला वसईच्या एका मोठ्या कारखान्यात, दुसरा आखातात. ही दोन कारणे समजण्यासारखी होती. तिसरा मात्र जवळपास तेवढ्याच पगारावर दुसरीकडे जात होता, आणि तेही साकीनाक्यातच, चार गल्ल्या पलीकडे. शेठना झोंबले होते ते हेच.

आम्ही त्या मुलाला भेटलो. भायखळ्याच्या साबूसिद्दीकमधून डिप्लोमा केलेला, वय पंचविशीच्या आतबाहेर. सुरुवातीला बोलायला तयार नव्हता. चहा झाल्यावर म्हणाला, "शेठ वाईट नाहीत. पगार एक तारखेला मिळतो, ईदला बोनस मिळतो. पण ऐका. आठ झाकणांचा एक साचा होता. मी त्यातली पाण्याची लाइन बदलली. एका फेरीला बावीस सेकंद लागायचे ते सतरावर आले. दमणची पार्टी साचा बघायला आली तेव्हा मी दहा फुटांवर उभा होतो. शेठ त्यांना म्हणाले, 'आमच्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाची ही कमाल आहे.' मला हाकसुद्धा मारली नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या साच्याला फ्लॅश येऊ लागली, तेव्हा मात्र पार्टीचा फोन माझ्या हातात दिला. 'आमच्या इंजिनियरशी बोला' म्हणाले."

ही एका गाळ्यातली गोष्ट झाली. पण हाच प्रश्न जगातल्या मोठमोठ्या लोकांनी गंभीरपणे अभ्यासला आहे, आणि योगायोग असा की त्यातला सर्वांत गाजलेला अभ्यास इंजिनियरांवरच झाला. फ्रेडरिक हर्झबर्ग हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनियर आणि हिशेबनिसांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५९ मध्ये त्यावर पुस्तक काढले. प्रश्न साधा होता. कामावर असताना तुम्हाला फार चांगले वाटले असा एखादा प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटले असाही सांगा.

उत्तरे बघितल्यावर एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. माणूस खूश होण्याची कारणे आणि नाराज होण्याची कारणे एकमेकांच्या उलट नव्हती, ती वेगळीच होती. नाराजीच्या गोष्टींत कंपनीचे नियम, वरिष्ठाची वागणूक, पगार आणि कामाच्या जागेची अवस्था या बाबी पुन्हा पुन्हा आल्या. आनंदाच्या गोष्टींत मात्र अवघड काम तडीस नेल्याचे समाधान, त्याची कोणीतरी दखल घेणे, खुद्द कामातली गोडी, अंगावर पडलेली जबाबदारी आणि पुढे जाण्याची वाट या गोष्टी होत्या. हर्झबर्गचे म्हणणे असे की पहिल्या गोष्टी नीट ठेवल्या तर माणूस कुरकुर थांबवील, पण जीव ओतून काम करणार नाही. त्यासाठी दुसऱ्या गोष्टी लागतात.

या सिद्धांतावर पुढे बरीच टीका झाली. यश मिळाले की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो आणि बिघडले की मालकावर ढकलतो, त्यामुळे मुलाखतींत असेच निघणार, असे टीकाकार म्हणाले. आम्हालाही त्यात तथ्य वाटते. पण आमच्या कारखानदार बंधूंनी याचा अर्थ पगाराला महत्त्व नाही असा मुळीच काढू नये. मजुरी पुरी आणि वेळेवर देण्याची ताकीद आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, तिच्यात तिळमात्र सूट नाही. ज्याचा पगार दोन महिने थकला आहे त्याला शाबासकी देऊन काही होत नाही, उलट तो चिडतो. प्रश्न आहे तो पगार दिल्यानंतरचा.

पवईचे उदाहरण

साकीनाक्याहून पवईला रिक्षाने फार वेळ लागत नाही. तिथे लार्सन अँड टुब्रोचा पसारा आहे. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोघे डेन्मार्कचे इंजिनियर. सिमेंटची यंत्रे बनवणाऱ्या एका डॅनिश कंपनीच्या कामासाठी ते हिंदुस्थानात आले आणि १९३८ मध्ये मुंबईत त्यांनी आपली भागीदारी सुरू केली. डेन्मार्कहून डेअरीची यंत्रे आणून विकायची, असा धंदा. म्हणजे तेही आपल्यासारखे व्यापारीच. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतला आणि माल येणे बंद पडले. तेव्हा विकायला काही नाही म्हणून त्यांनी छोटी वर्कशॉप काढली आणि यंत्रे स्वतः बनवायला व दुरुस्त करायला घेतली. १९४६ मध्ये कंपनी झाली, १९४८ मध्ये पवईची दलदलीची आणि जंगलाची जमीन घेतली. त्या काळी तिथे कारखाना काढणे म्हणजे वेडेपणा वाटला असेल. आज त्याच जागेच्या काही भागावर उंच निवासी इमारती उभ्या आहेत.

आमच्या विषयाला धरून सांगण्यासारखी गोष्ट पुढची आहे. १९६५ मध्ये अनिल मणिभाई नाईक नावाचा गुजरातमधल्या एका शिक्षकाचा मुलगा इथे ज्युनियर इंजिनियर म्हणून लागला. याआधी त्याला याच कंपनीत जागा मिळाली नव्हती. तोच मुलगा १९९९ मध्ये कंपनीचा प्रमुख झाला आणि २०२३ मध्ये अध्यक्षपदावरून उतरला. अठ्ठावन्न वर्षे एकाच दाराने आत-बाहेर केले.

मधल्या काळात या कंपनीवर मोठमोठ्या घराण्यांची नजर होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रिलायन्सने समभाग घेतले, १९८९ मध्ये धीरूभाई अंबानी अध्यक्षही झाले, पुढे त्यांना पद सोडावे लागले. २००१ मध्ये रिलायन्सने आपला हिस्सा बिर्ला समूहाच्या ग्रासिमला विकला. मग दोन-तीन वर्षे ओढाताण चालली. शेवटी २००४ मध्ये असा तोडगा अमलात आला की सिमेंटचा धंदा वेगळा होऊन बिर्लांकडे गेला, तीच आजची अल्ट्राटेक. ग्रासिमकडे असलेले लार्सन अँड टुब्रोचे समभाग मात्र कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या विश्वस्त संस्थेने घेतले. म्हणजे जिथे नोकरी केली त्या कंपनीचा एक ठळक हिस्सा नोकरदारांच्याच नावाने राहिला. नाईकांच्या काळात कर्मचाऱ्यांना समभाग देण्याची पद्धतही रुजली.

आता कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपनीचे दाखले आम्हाला कशाला? कबूल, आपला गाळा म्हणजे पवई नव्हे. पण व्यापाऱ्याला एक गोष्ट ओळखता यावी. पगारवाढ घेणारा माणूस महिन्याचा हिशेब करतो, आणि हिस्सा असलेला माणूस धंद्याचा हिशेब करतो. आपल्या जुन्या पेढ्यांत हे माहीत होते. भरवशाच्या मुनिमाला किंवा उस्तादाला रुपयात एक आणा, दोन आणे भागी देण्याची रीत होती. ती केव्हा आणि का सुटली, हा वेगळ्या लेखाचा विषय होईल.

उस्ताद आणि इंजिनियर

साकीनाक्याच्या त्या गाळ्यात आणखी एक गाठ होती, ती शेठनी नव्हे तर मुलानेच सांगितली. तिथले उस्ताद, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, तीस वर्षांपासून साच्याची फिटिंग करतात. हाताने ब्लू लावून जिथे घासायचे तिथे घासतात आणि साचा बसवतात. इंजिनियर कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करतो. दोघांचे काम एकमेकांवर अवलंबून, पण बोलणे नाही. चाचा साच्यात फेरफार करायचे आणि सांगायचे नाहीत. मुलगा ड्रॉइंगवर बोट ठेवायचा. साचा चुकला की दोघे शेठकडे वेगवेगळे जायचे.

इथे आम्हाला अहमदाबादची आठवण झाली. १९५३ मध्ये तिथल्या कॅलिको समूहाच्या एका गिरणीत नवे स्वयंचलित माग बसवले होते, तरी उत्पादन वाढेना. ए. के. राइस नावाचे इंग्रज अभ्यासक तिथे आले. त्यांनी पाहिले की एका शेडमधले काम बारा प्रकारच्या कामगारांत वाटले आहे. एक फक्त धागा जोडतो, दुसरा फक्त बॉबिन भरतो, तिसरा फक्त तेल घालतो. कोणीच पूर्ण मागाचा मालक नाही. एखादा माग बंद पडला तर ज्याने-त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवावे. राइस यांनी सुचवले की ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी एका छोट्या टोळीवर टाका. वाचकांना नवल वाटेल, ही कल्पना कानावर पडताच कामगारांनी आणि सुपरवायझरांनी ती उचलून धरली, आणि कोण कोणाबरोबर काम करणार हे त्यांनी आपसांत ठरवूनही टाकले. उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. भिवंडी-मालेगावच्या आमच्या विणकर बंधूंनी ही हकीकत मुद्दाम ध्यानात घ्यावी.

त्या गाळ्यातही तोच दोष होता. ड्रॉइंग एकाचे, फिटिंग दुसऱ्याचे, ट्रायल तिसऱ्याची आणि शाबासकी शेठची.

कामाचा अर्थ ही आणखी एक बाब आहे, पण ती सर्वांच्या नशिबी नसते. घाटकोपरच्या पुढे विक्रोळीला सिप्लाचे काम चालते. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये स्थापलेल्या या कंपनीने, त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद प्रमुख असताना, २००१ मध्ये एड्सवरची तीन औषधे मिळून वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये देण्याची तयारी जाहीर केली. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांना वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक पडत. अशा कामातल्या रसायनतज्ज्ञाला आपण काय करतो आहोत हे कोणी समजावून सांगावे लागत नसेल. झाकणाचा साचा बनवणाऱ्याला ते सांगावे लागते. त्या मुलाला शेवटपर्यंत ठाऊक नव्हते की त्याची झाकणे लहान मुलांच्या औषधाच्या बाटल्यांना लागतात, आणि ती सैल बसली तर औषध गळते. हे आम्हाला शेठकडून कळले. आम्ही विचारले, "मुलाला सांगितले होते का?" ते म्हणाले, "त्याला काय करायचे?"

हे सगळे आम्ही शेठना गाळ्यातच बसून सांगितले. मशीनच्या आवाजात निम्मे ऐकू गेले नसेल. थोडे रागावले. म्हणाले, "दहा लोकांना जेवू घालतो, त्यात कोणाचे नाव कुठे घेत बसू?" मग त्यांनीच टेबलावरचे एक ड्रॉइंग पुढे ओढले. कोपऱ्यातल्या चौकटीत ड्रॉइंग कोणी केले, कोणी तपासले यासाठी दोन रकाने असतात. दोन्ही रिकामे होते आणि वर कंपनीचा शिक्का होता. बराच वेळ ते बघत राहिले.

मुलगा गेला. त्याने पलीकडच्या मालकाला शब्द दिला होता आणि तो मोडला नाही, हे शेठनाही मनातून आवडले असावे. त्याच्या जागी आता मुलुंडची एक मुलगी आली आहे, त्या गाळ्यातली पहिली. पहिल्याच आठवड्यात शेठनी तिला आणि चाचांना एकत्र बसवून एक साचा ड्रॉइंगपासून ट्रायलपर्यंत दोघांच्या हवाली केला. चाचा आधी म्हणाले, "या वयात पोरीकडून शिकू?" ट्रायलच्या दिवशी मात्र दमणला दोघे मिळून गेले, शेठ गेले नाहीत. ड्रॉइंगच्या रकान्यात आता दोन नावे असतात.

मागच्या शुक्रवारी शेठ पुन्हा भेटले. चाचांना नफ्यात रुपयामागे एक आणा द्यावा असे त्यांच्या मनात आहे. पण गाळा तीन भावांच्या नावावर आहे, आणि धाकट्या दोघांना अजून हे सांगितलेले नाही.