टर्मिनलची विचारपूस

टर्मकॅप या नावाने ओळखला जाणारा फंक्शनांचा छोटासा संच बिल जॉय यांनी १९७८ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत लिहिला, आणि त्यानंतर यंत्रांच्या अनेक पिढ्या मोडीत निघाल्या तरी मजकुराच्या पडद्यावर चालणाऱ्या आज्ञावली आजही त्याने घालून दिलेल्या रीतीनेच पडद्याची चौकशी करतात. ज्या टर्मिनलांसाठी हा संच लिहिला गेला ती कळफलक आणि पडदा असलेली, पण स्वतः कोणतेही गणन न करणारी यंत्रे होती. तारेने मध्यवर्ती संगणकाला जोडलेले असे यंत्र आलेला प्रत्येक बाइट पडद्यावर अक्षररूपाने उमटवीत असे, आणि काही ठरावीक बाइटमालिका आल्या तर अक्षर न उमटवता पडदा पुसणे, कर्सर हलवणे, ओळ काढून टाकणे अशी कृती करीत असे. या मालिका बहुधा आस्की संकेतावलीतील २७ क्रमांकाच्या, म्हणजे ‘एस्केप’ या चिन्हाने सुरू होत, म्हणून त्यांना एस्केप मालिका म्हणतात.

अडचण अशी होती की कोणत्या मालिकेचा अर्थ काय, याविषयी उत्पादकांमध्ये एकवाक्यता नव्हती. शून्यापासून मोजले असता चौथ्या ओळीच्या नवव्या स्तंभात कर्सर नेण्यासाठी डेक कंपनीच्या व्हीटी१०० या टर्मिनलला एस्केप, चौकोनी कंस, ५, अर्धविराम, १० आणि शेवटी एच हे अक्षर पाठवावे लागे, कारण ते एकपासून मोजत असे आणि आकडे दशमान पद्धतीने वाचत असे. लिअर सिग्लर कंपनीच्या एडीएम-३ए या टर्मिनलला मात्र तेच काम सांगण्यासाठी एस्केप, बरोबरचे चिन्ह आणि त्यापुढे ओळ व स्तंभ यांच्या आकड्यांत प्रत्येकी ३२ मिळवून येणारी, म्हणजे आस्कीतील ३६ आणि ४१ क्रमांकांची दोन चिन्हे लागत. व्हीटी१०० हे टर्मिनल १९७८ मध्ये बाजारात आले आणि मालिकांचे अमेरिकी प्रमाणीकरण १९७९ मध्ये झाले; परंतु तोपर्यंत शेकडो प्रकारची टर्मिनले वापरात आलेली होती, आणि प्रत्येकासाठी आज्ञावलीची वेगळी आवृत्ती लिहिणे कोणालाही परवडणारे नव्हते. जॉय यांचा व्हीआय हा संपादक पूर्ण पडदा वापरणारा होता, त्यामुळे ही अडचण त्यांना इतरांच्या आधी आणि इतरांपेक्षा तीव्रतेने जाणवली, यात नवल नाही.

त्यांनी काढलेला मार्ग असा, की टर्मिनलविषयीचे सर्व ज्ञान आज्ञावलीबाहेर काढून एका साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवावे, आणि आज्ञावलीने ते नावाने विचारून घ्यावे. या फाइलमध्ये प्रत्येक टर्मिनलची एक नोंद असते, नोंदीतील घटक विसर्गासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले असतात, आणि प्रत्येक घटकाला दोन रोमन अक्षरांचे नाव असते. घटक तीन प्रकारचे असतात. काही होय किंवा नाही एवढेच सांगतात. उदाहरणार्थ एएम हा घटक असल्यास उजव्या कडेला पोचल्यावर कर्सर आपोआप पुढच्या ओळीवर जातो असे समजायचे. काही आकडा सांगतात. सीओ म्हणजे स्तंभांची संख्या, एलआय म्हणजे ओळींची. तिसऱ्या प्रकारातील घटकांत प्रत्यक्ष पाठवायची मालिका असते; सीएल म्हणजे पडदा पुसण्याची, सीएम म्हणजे कर्सर हव्या त्या जागी नेण्याची. एखादे टर्मिनल दुसऱ्यासारखेच असून थोडे निराळे असेल, तर टीसी या घटकाने मूळ नोंदीकडे बोट दाखवून फक्त फरक तेवढा लिहिता येतो. यंत्रांचे दोषही या यादीत क्षमतांच्याच रांगेत बसवलेले आहेत: व्हीटी१०० शेवटच्या स्तंभात अक्षर उमटल्यावर ओळ बदलण्याच्या बाबतीत विचित्र वागे म्हणून एक्सएन, आणि हेझल्टाइन टर्मिनलांना तरंगरेषेचे चिन्ह छापता येत नसे म्हणून एचझेड. यंत्र जसे आहे तसे, त्याच्या उणिवांसह नोंदवण्याचा हा प्रामाणिकपणा टर्मकॅपच्या दीर्घायुष्याचे एक मोठे कारण मानावे लागेल.

संचातील फंक्शने सहाच आहेत. टीगेटएन्ट हे पहिले. टर्म या परिसरचलात वापरकर्त्याच्या टर्मिनलचे जे नाव ठेवलेले असते ते त्याला दिले, की ते त्या नावाची नोंद शोधून १०२४ बाइटांच्या जागेत आणून ठेवते, आणि नोंद मिळाल्यास १, न मिळाल्यास ०, फाइलच उघडता न आल्यास उणे १ असे उत्तर देते. पुढची तीन फंक्शने तीन प्रकारच्या घटकांना अनुरूप आहेत: टीगेटफ्लॅग होय-नाही सांगते, टीगेटनम आकडा देते आणि तो घटक नोंदीत नसल्यास उणे १ देते, तर टीगेटस्ट्र मालिका देते आणि ती नसल्यास रिकामा निर्देशक परत करते. नसणे हेही येथे एक रीतसर उत्तर आहे, आणि चांगल्या आज्ञावलीने ते ऐकून घेऊन दुसरा मार्ग काढावा अशी अपेक्षा आहे. ओळ घुसवण्याची सोय टर्मिनलला नसेल तर खालचा सारा भाग पुन्हा रंगवावा, अधोरेखन नसेल तर त्यावाचून निभावून न्यावे.

उरलेली दोन फंक्शने दिसायला किरकोळ, पण कारागिरीच्या दृष्टीने सर्वांत रोचक आहेत. टीगोटू हे फंक्शन सीएम या साच्यात ओळ आणि स्तंभ यांचे आकडे भरते. साच्यात टक्क्याच्या चिन्हानंतर येणारी अक्षरे आकडा दशमान लिहावा, ३२ मिळवून लिहावा की एकपासून मोजावा हे सांगतात, आणि म्हणून व्हीटी१०० व एडीएम-३ए या दोघांनाही एकच आज्ञावली पुरते. त्याला स्तंभ आधी आणि ओळ नंतर द्यावी लागते, हा उलटा क्रम अनेकांना चकवणारा ठरला. जेथे आकडा थेट एका बाइटच्या रूपात पाठवायचा असतो तेथे आणखी एक धोका असतो: तो बाइट शून्य, कंट्रोल-डी, टॅब किंवा नवी ओळ यांपैकी एखादा निघाला, तर वाटेतील टर्मिनल-चालक प्रणाली तो गिळून टाकण्याची किंवा बदलण्याची शक्यता असते. अशा वेळी टीगोटू मुद्दाम पुढचा आकडा पाठवते आणि मग कर्सर एक पाऊल वर किंवा मागे घेण्याची मालिका जोडून देते. अवघ्या काही ओळींच्या या फंक्शनमध्ये तारेच्या दोन्ही टोकांचा विचार केलेला दिसतो.

टीपुट्सचे काम तयार मालिका बाहेर पाठवण्याचे, आणि तेही वेळेचे भान ठेवून. जुन्या टर्मिनलांना पडदा पुसायला किंवा ओळी सरकवायला काही मिलिसेकंद लागत, आणि तेवढ्यात पुढचे अक्षर येऊन थडकले तर ते हरवत असे. म्हणून मालिकेच्या आरंभी विश्रांतीचा काळ लिहिलेला असे, त्यापुढे तारांकन असल्यास तो काळ बाधित ओळींच्या संख्येने गुणला जाई, आणि टीपुट्स तारेचा वेग पाहून तितका वेळ भरून काढणारी निरर्थक अक्षरे पाठवीत असे. ९६०० बॉडच्या तारेवरून सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे जातात, तेव्हा एका मिलिसेकंदासाठी साधारण एक अक्षर लागे.

बर्कलीतच केन अर्नोल्ड यांनी या पायावर कर्सेस हे अधिक सोयीचे ग्रंथालय उभे केले. नोंदी वाढत गेल्या तशी लांबलचक मजकूर-फाइल दरवेळी वाचत जाणे संथ ठरू लागले, आणि मार्क हॉर्टन यांनी टर्मइन्फो ही पद्धत तयार केली. ती १९८४ च्या युनिक्स सिस्टिम व्ही रिलीज २ मध्ये आली. तिच्यात प्रत्येक टर्मिनलची नोंद आधीच द्विमान स्वरूपात संकलित करून स्वतंत्र फाइलमध्ये ठेवतात, घटकांना दोन अक्षरांऐवजी मोठी नावे असतात, आणि ‘हा घटक या टर्मिनलला नाही’ व ‘या नावाचा या प्रकारचा घटकच नाही’ ही दोन उत्तरे वेगळी दिली जातात. जुन्या आज्ञावली बंद पडू नयेत म्हणून मूळ सहा फंक्शने टर्मइन्फोवर आधारून तशीच ठेवली गेली. एक्स/ओपन संस्थेच्या प्रमाणात ती पुढे काढून टाकण्याजोगी म्हणून नोंदवली गेली, तरी एन्कर्सेस या मुक्त ग्रंथालयात ती आजही सापडतात.

महाराष्ट्रात ही विद्या प्रथम संशोधनसंस्थांतून आली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणक गटातून १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र स्वतंत्र झाले, आणि ते व पवईची आयआयटी ही दोन्ही १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याची घटक होती. बँकांच्या बाबतीत डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांच्या १९८४ आणि १९८९ च्या अहवालांनंतर शाखांचे संगणकीकरण आकाराला आले, आणि ज्या यंत्रणा युनिक्सवर चालत तेथे काउंटरवरचे टर्मिनल हे अशाच नोंदीमागून बोलत असे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणारे खाते केवळ मजकुराचे होते. घरचा संगणक व्हीटी१०० असल्याची बतावणी करी आणि दूरवरची युनिक्स प्रणाली ती खरी मानून चाले.

या सर्व व्यवहारात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, की एक बाइट म्हणजे एक अक्षर आणि एक अक्षर म्हणजे पडद्यावरचा एक चौकोन. टर्मकॅपच्या यादीत ओळी, स्तंभ, घंटा, अधोरेखन, बाणांच्या कळा या सर्वांविषयी प्रश्न आहेत. लिपीविषयी एकही नाही. ज्याला यादीत नाव नाही ते विचारताच येत नाही, आणि देवनागरीच्या बाबतीत ही उणीव लगेच उघडी पडते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील, हिरण्यकेशीच्या काठच्या तालुक्याच्या गावाचे नाव याचे उत्तम उदाहरण ठरते. ‘गडहिंग्लज’ हा शब्द भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या संकेतावलीत लिहिला, तर ग, ड, ह, ऱ्हस्व इकार, अनुस्वार, ग, हलन्त, ल आणि ज असे नऊ बाइट लागतात. वाचणाऱ्याला मात्र ग, ड, हिं, ग्ल, ज अशी पाचच अक्षरे दिसतात, आणि त्यांतही साठवणीत ह नंतर येणारी वेलांटी पडद्यावर त्याच्या आधी उमटते. अशा ओळीत कर्सर सहाव्या स्तंभात न्या, असे टीगोटूने सांगितले तर तो कोठे जावा? आज्ञावलीच्या हिशेबी सहाव्या बाइटचा ग, पडद्याच्या हिशेबी शब्दानंतरची रिकामी जागा. खोडण्याची कळ दाबली की एक बाइट जाईल आणि डोळ्यांसमोरचे एक संपूर्ण अक्षर रूप बदलेल.

या प्रश्नाला भारतात मिळालेले उत्तर मोठ्या हुशारीचे होते, आणि त्यात पुण्याचा वाटा मोलाचा आहे. कानपूरच्या आयआयटीत देवनागरी टर्मिनलावर काम झाले, १९८३ च्या दिल्लीतील विश्व हिंदी संमेलनात ते मांडले गेले, आणि त्यातून विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान मोहन तांबे यांच्याबरोबर पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत आले. जिस्टने लिपीचे सारे ज्ञान टर्मिनलमध्येच ठेवले. जोडाक्षरे बांधणे, वेलांटी आधी काढणे, अनुस्वार वर बसवणे हे काम टर्मिनल स्वतः करी. संगणकाला ते व्हीटी मालिकेतील टर्मिनलासारखेच भासे आणि आज्ञावलीला फक्त बाइट दिसत. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने स्वीकारलेली इस्कीही त्याला अनुकूल होती: तिचे खालचे अर्धे आस्कीच असल्याने इंग्रजी आणि एस्केप मालिका अबाधित राहत, आणि भारतीय अक्षरे १६१ व्या क्रमांकापासून सुरू होत असल्याने १२८ ते १५९ हा आठ-बिटी नियंत्रण-चिन्हांचा पट्टा मोकळा राही. अडचण होती ती जुन्या आज्ञावलींची, कारण आठवा बिट रिकामाच असणार असे धरून व्हीआयसारख्यांनी तो स्वतःच्या खुणांसाठी वापरलेला होता.

इस्कीत एटीआर नावाचा एक खास बाइट आहे, ज्याच्या पुढचा बाइट ठळक, तिरपे, अधोरेखित असे रूप किंवा लिपी निवडतो. जे टर्मकॅपमध्ये प्रत्येक टर्मिनलसाठी वेगवेगळ्या मालिकांनी साधावे लागे, ते येथे मजकुराबरोबरच वाहत येते. गडहिंग्लज तालुक्याच्या पूर्व भागात कन्नड बोलणारी घरे आहेत आणि शेजारचे संकेश्वर कर्नाटकात आहे. तेच नऊ बाइट तसेच ठेवून लिपीचा एक बाइट देवनागरीऐवजी कन्नडचा दिला, की गावाचे नाव कन्नड अक्षरांत उमटावे, ही इस्कीची रचना अशा सीमाभागाच्या गरजेला नेमकी लागू पडणारी होती. भारतीय लिप्यांची वर्णव्यवस्था समान आहे या जाणिवेवर ती उभी आहे, आणि संगणकशास्त्रातील भारतीय योगदानात तिला आजवर मिळाले त्याहून मानाचे स्थान मिळायला हवे.

युनिकोड आल्यावर लिपीची निवड संकेतांकातच सामावली आणि लिपीचे ज्ञान टर्मिनलमधून निघून अक्षर मांडणाऱ्या ग्रंथालयांत गेले; पण मजकूर-पडद्यावरील मूळ प्रश्न तसाच राहिला. यूटीएफ-८ मध्ये गावाचे नाव नऊ संकेतांकांचे आणि सत्तावीस बाइटांचे होते. किती स्तंभ अडतील हे आता टर्मिनलच्या नोंदीला न विचारता डब्ल्यूसीविड्थ नावाच्या फंक्शनला विचारतात. मार्कुस कून यांनी लिहिलेली त्याची बहुप्रचलित आवृत्ती अनुस्वार व हलन्त यांना शून्य आणि वेलांटीला एक स्तंभ देते, म्हणजे बेरीज सात येते. ती नऊ संकेतांकांशी जुळत नाही आणि पाच अक्षरांशीही नाही. टर्मिनलच्या खिडकीने तिचा स्वतःचा वेगळा हिशेब धरला असेल, तर एन्कर्सेसवर लिहिलेल्या आज्ञावलीचा कर्सर मराठी ओळीत भलत्याच अक्षरावर उभा राहतो. दोघांमध्ये एकमत घडवण्यासाठी खिडकी अक्षरांची रुंदी कोणत्या रीतीने मोजते हे विचारणारा प्रमाणित घटक हवा, आणि टर्मइन्फोच्या प्रमाणित यादीत तो अजून नाही.